आठ जावांचं एकमत

“एकेकीनं म्हणा. शेजारणीचं ऐकून नुसतं तोंड हलवू नका.”

गाण्याच्या बाईंचा तो आवाज चाळीस वर्षांनी तिच्या कानाशी आला, तेव्हा तिचं बोट एंटरच्या कळीवर होतं. शाळेच्या लांबट वर्गात तीस मुली एका रांगेत उभ्या असायच्या आणि बाई प्रत्येकीच्या तोंडाशी कान नेत पुढे सरकायच्या. तीस जणींनी मिळून म्हटलं की छपराची कौलं हलायची. एकेकीला म्हणायला लावलं की कळायचं, गाणं येतं चौघींना. बाकीच्या सव्वीस जणी त्या चौघींच्या आवाजाच्या सावलीत उभ्या आहेत.

तिनं बोट कळीवरून उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

“मॅडम, पाठवा ना.” साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. वयानं तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तीन रात्रींच्या जागरणानं डोळे सुजलेले. “सात प्रोसेस पूर्ण झाल्यात. आठवी अडकली तर अडकली. प्रत्येकीचे सात येतायत, आठवीचेही सात धरा. साती आठी छप्पन्न. ऐंशीच्या आत. विषय संपला.”

“प्रत्येकीचे सातच का येतायत, साहेब?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. एक वाजता बैठक होती.

नदीच्या पाण्याचा अंदाज बांधणारं ते लहानसं कार्यालय. वरच्या धरणातून सोडलेलं पाणी उद्या दुपारी गावाच्या बांधाशी येऊन टेकणार होतं. बांधाला लागून दोन आळ्या, वरची आणि खालची. दोन्हींतली माणसं आठवडाभर शाळेच्या इमारतीत गादीला गादी लावून झोपली होती. मंगळवारी या कार्यालयातून शुक्रवारच्या पाण्याचा, वरच्या आळीपुरता अहवाल गेला आणि वरच्या आळीची सव्वाशे घरं आपापल्या दारात परतली. आज गुरुवार, खालच्या आळीची पाळी. लोकांनी सकाळपासूनच बोचकी बांधून ठेवली आहेत, असा निरोप आला होता.

अहवाल लिहायचे साहेब. आकडा द्यायची स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला हिशेब सांगणारी ओळींची यादी. काम म्हटलं तर सरळ होतं. उद्याचा एकच दिवस आठ हजार वेळा जगून पाहायचा. कधी पाणी जरा चढं, कधी वारा उलटा, कधी बांधाची माती आतून भिजलेली. किती चढं, किती उलटा, हे दर वेळी मशीननं फासे टाकून ठरवायचं. आठ हजारांत ऐंशीहून जास्त वेळा पाणी बांधावरून आलं, तर माणसांना घरी सोडायचं नाही. पूर्वी हे सगळं एकच प्रोसेस एकामागून एक करत असे आणि बारा तास घेई. उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी तेच काम आठ प्रोसेसमध्ये वाटून दिलं. एकाच वेळी आठ जणी, प्रत्येकीला हजार. दीड तासात निकाल.

“सातच येतायत, कारण स्क्रिप्ट स्थिर आहे,” साहेब म्हणाले. “हेच तर आपण उन्हाळ्यात दाखवलं. कधीही चालवा, तोच आकडा.”

“फासे आहेत ते. आठ जणींनी हजार हजार वेळा टाकले. एकीचे पाच यावेत, एकीचे अकरा यावेत. आठही जणींचे सात? असं घरच्या पत्त्यांतही होत नाही.”

“तुम्हाला कुठलीही गोष्ट पटकन पटतच नाही, मॅडम.”

“नाही पटत.”

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं आणि मशीनवाले काका बाहेर आले. ती खोली बारा महिने गारठलेली. काका भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर घालून वावरत आणि बाहेर आले की आधी चष्मा पुसत.

“सातवीनं फाइलीत आकडा लिहिला आणि फाइलीचं कुलूप काढायचं विसरली,” काका म्हणाले. “आठवी दाराबाहेर उभी. ही उघडेना, तिला आत जाता येईना. आठ जावा एका स्वयंपाकघरात घातल्यावर दुसरं काय होणार?”

“ते कुलूप सोडवून टाका आणि आठवीला आत घ्या,” साहेब म्हणाले.

“नको.” तिनं खुर्ची पुढे ओढली. “कुलूप मी सोडवते. पण आकडा घेण्याआधी प्रत्येकीला वेगळी वही देते. फासे कोणते पडले, ते जिनं तिनं आपल्या वहीत लिहायचं.”

“मॅडम, शाळेत तीनशे माणसं आहेत. संडास चार आहेत. एका आजोबांना धाप लागलीय. मला सकाळपासून तीन फोन आले. तुम्हाला वहीच्या गोष्टी सुचतायत?”

ती वळली. साहेबांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात अडकलं होतं. हा माणूस घरी जाऊन आरशासमोर उभा राहिलेला नाही, हे तिला दिसलं आणि क्षणभर तिचा आवाज खाली आला.

“पाच मिनिटं द्या. पाच मिनिटांत दाखवलं नाही, तर तुम्ही म्हणाल ते पाठवते.”

तिनं अडकलेली स्क्रिप्ट बंद केली. आठही प्रोसेसना आठ वेगळ्या लॉग फायली दिल्या, प्रत्येकीला फक्त पहिले दहा फासे टाकायला लावले आणि पानं छापली. प्रिंटरनं गरम आठ पानं एकामागोमाग बाहेर सरकवली. तिनं ती टेबलावर ओळीनं मांडली, कडेला कड लावून. पहिल्या पानावर पहिला आकडा: शून्य, टिंब, मग बारा अंक. दुसऱ्या पानावर तेच बारा अंक. तिसऱ्यावर तेच. आठव्यावर तेच. दहाच्या दहा ओळी, अगदी शेवटच्या अंकापर्यंत.

काकांनी पहिलं आणि आठवं पान एकावर एक धरलं आणि खिडकीकडे तोंड करून उजेडात पाहिलं. अंकावर अंक बसला.

“या आठ जणी नाहीत, साहेब,” ती म्हणाली. “ही एकच बाई आहे. आठ खुर्च्यांवर आलटून पालटून बसतेय आणि आठ वेळा हात वर करतेय. आपण म्हणतोय, सगळ्यांचं एकमत झालं.”

“तरीच!” काका म्हणाले. “आठ जावा, आणि उन्हाळ्यापासून एकदाही भांडं आपटल्याचा आवाज नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.”

साहेब हसले नाहीत. ते टेबलावर दोन्ही हात टेकून एकेक पान वाचत गेले.

“सीड,” ते शेवटी म्हणाले.

“सीड. फासे जिथून सुरू करायचे, ती संख्या. मूळ प्रोसेसमधून आठ नकला निघाल्या, आणि प्रत्येक नक्कल आईच्या मुठीतले तेच फासे घेऊन निघाली. आठ हजार दिवस आपण जगून पाहिलेच नाहीत. हजारच पाहिले, आठदा.”

“मी वेगळं सीड दिलं होतं. मला वाटतं, मी दिलं होतं.”

तिनं स्क्रिप्ट उघडली. चारशेच्या वर ओळी होत्या. तिनं शोधलं नाही, वरून खाली वाचत आली नाही. सरळ दोनशे बाराव्या ओळीवर गेली, तिच्याखाली एक नवी ओळ घातली आणि प्रत्येक प्रोसेसला तिच्या क्रमांकाचं स्वतंत्र सीड दिलं. मग कुलूप सोडायची ओळ दुरुस्त केली.

काका चष्मा पुसता पुसता थांबले.

“बरोबर तिथंच गेलात. अंधारात खुंटीवरचा टॉवेल काढावा तसं.”

तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं.

“लावा पुन्हा,” साहेब म्हणाले. “सव्वाबारापर्यंत होईल?”

“होईल.”

पावणेअकराला आठ प्रोसेस निघाल्या. काका गारठ्यात परतले. साहेब आपल्या खोलीत गेले आणि काचेपलीकडे फोन कानाला लावून येरझारा घालू लागले. ती एकटी स्क्रीनसमोर बसली. नदी खिडकीतून दिसत नव्हती, पण रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी चाकांना लाल चिखल लावून चालली होती. चिखलाची बोटं रस्त्यावर उमटत होती आणि वाळत होती.

साडेअकराला तिचा फोन वाजला. धाकटी बहीण. वरच्या आळीत, बांधापासून चौथं घर.

“ताई, गाद्या उन्हात टाकल्यात गं. भिंतींना अजून ओल आहे, पण घर ते घर. त्या शाळेत एकाचं मूल रडलं की चाळीस मुलं रडायची. तू जेवलीस का?”

“ऐक. मुलींना घे आणि माझ्याकडे ये. आत्ता निघ.”

“का गं? काय झालं?”

“ये म्हणते ना.”

पलीकडे गादीवर काठी पडण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“ताई, मंगळवारी तुझ्याच ऑफिसनं घरी जा म्हणून सांगितलं.”

“हो.”

“मग?”

“मंगळवारच्या आकड्याचं काही खरं नाही. कदाचित बरोबर असेलही. मला माहीत नाही. पण तू निघ.”

“आणि समोरच्या आजी?”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्या यायलाच तयार नव्हत्या शाळेतून,” बहीण म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. लहानपणी भांडणात हरायचं नाही असं ठरवून बसायची, तेव्हा तो असाच खाली जायचा. “म्हणायच्या, पाणी उतरलेलं डोळ्यांनी बघेन, मगच उठेन. मी त्यांचा हात धरून आणलं. म्हटलं, आजी, माझ्या ताईचं मशीन आहे, ते खोटं बोलायचं नाही. आळीभर सांगत फिरले मी. आता दाराला कुलूप घालून मागच्या दारानं निघू? आजींनी विचारलं तर काय सांगू? माझी बहीण तिथं आहे म्हणून मला कळलं, तुमची कुणी नाही म्हणून तुम्ही बसा?”

“मला आधी नक्की तर कळू दे.”

“नक्की नाही, तर नक्की नाही असं सांग ना. सगळ्यांना सांग. भोंगा लावून सांग. आळी उठली की मीही उठते, आजींना पाठीवर घेऊन उठते. तोवर मी नाही हलायची. रागव हवं तर.”

“हट्ट करू नकोस.”

“हट्ट कुणाचा, ते बघू.”

फोन बंद झाला. ती तो हातात धरून बसली. स्क्रीनवर आठ आडव्या पट्ट्या सरकत होत्या. या वेळी त्या बरोबरीनं सरकत नव्हत्या. एक पुढे, एक मागे, एक मध्येच रेंगाळणारी.

सव्वाबाराला आठवी पट्टी भरली. अकरा. पंधरा. नऊ. सतरा. चौदा. बारा. सोळा. तेरा. साहेब धावतच आले. काका दारातूनच मान उंचावून बघू लागले.

“एकशेसात,” तिनं बेरीज सांगितली.

खालच्या आळीची बोचकी आज उचलली जाणार नव्हती. साहेबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले; इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“थोडक्यात वाचलो,” ते हळूच म्हणाले. “मॅडम, खरंच. तुम्ही अडवलं नसतं, तर आज मी छप्पन्न लिहून मोकळा झालो असतो.”

“मंगळवारचंही पुन्हा लावायला हवं.”

साहेब उठले. “बैठकीनंतर बघू.”

“त्यातही तेच फासे आहेत.”

“मंगळवारी स्क्रिप्ट अडकली नव्हती.”

“अडकणं वेगळं आणि फासे सारखे पडणं वेगळं. तुम्हाला माहीत आहे, साहेब.”

“मला एवढं माहीत आहे, की ती सव्वाशे घरं आता उठणार नाहीत.” त्यांचा आवाज फुटला. “दोनदा हलवलं त्यांना. तिसऱ्यांदा गाडी गेली, तर दगड मारतील. आणि कशासाठी? कदाचित पन्नास येतील, कदाचित साठ. आजचा बिघाड आज सापडला, आज दुरुस्त केला, एवढंच सांगायचं. श्रेय तुमचं. मी स्वतः सांगेन.”

“मंगळवारचं लावतेय,” ती म्हणाली आणि वरच्या आळीची मंगळवारची फाइल उघडली.

“मी नको म्हणतोय.”

“ऐकलं मी.”

तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत कळ दाबली. आठ रिकाम्या पट्ट्या उमटल्या. साहेबांनी हात पुढे केला, कीबोर्डपर्यंत आणला आणि परत घेतला.

“पावणेदोनच्या आत होणार नाही ते,” ते म्हणाले.

“बैठक त्याआधी आहे. हो.”

एक वाजता मदतकार्याच्या अधिकारीबाई आल्या. पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, घसा बसलेला, बरोबर दोन सहायक. चहाला त्यांनी हातानंच नकार दिला आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. पूर्ण टेकलं तर झोप लागेल अशा. पडद्यावर एकशेसातचा आकडा होता.

“म्हणजे खालची आळी शाळेतच राहणार,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे. शिव्या खाईन. पण सकाळी मला फोनवर पन्नासेक सांगितलं होतं ना?”

“आज सकाळी समांतर प्रक्रियेत बिघाड झाला,” साहेब उभे राहून म्हणाले. बटण त्यांनी आता नीट लावलं होतं. “एक प्रोसेस अडकली आणि आकडे चुकीचे आले. आमच्या मॅडमनी ते ताबडतोब पकडलं. त्यांनी पकडलं नसतं, तर आपण फार मोठी चूक केली असती.”

सगळे तिच्याकडे वळले. अधिकारीबाईंनी मान झुकवली. “तुमचे आभार मानायला हवेत,” त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. एका सहायकानं तिचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं.

“मंगळवारचा अहवालही धरू नका,” ती म्हणाली.

सहायकाचं पेन थांबलं.

“वरच्या आळीचा?” अधिकारीबाईंनी साहेबांकडे पाहिलं.

“मॅडम अतिकाळजी करतायत. तसं काही हाती आलेलं नाही. सगळं तपासून दोन दिवसांत लेखी कळवतो.”

“दोन दिवस नदी थांबणार आहे का?” त्या तिच्याकडे वळल्या. “ताई, मला नीट सांगा. मंगळवारचा खरा आकडा किती?”

“माहीत नाही. पुन्हा चालवलंय, अजून पाऊण तास लागेल. ऐंशीच्या आत येईल, नाहीतर वर जाईल.”

“मग मी काय करू? आज अंधार पडायच्या आत त्यांना उठवायचं, तर मला आत्ताच गाड्या पाठवायला हव्यात; दीड वाजता त्या पुढच्या गावाला जातायत. आणि पाऊण तासानं तुम्ही म्हणालात सगळं ठीक आहे, तर? पुढच्या खेपेला खरंच पाणी येईल, आणि माझ्या गाडीकडे कुणी ढुंकून बघणार नाही.” त्यांनी बोटानं टेबलावर ठोकलं. “बिघाड आज सकाळचा आहे, असं हे सांगतायत. मंगळवारीही होता, असं तुम्ही म्हणता. कशावरून? मंगळवारी कुणी तपासलं होतं?”

“नाही.”

“मग अंदाजच ना?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. त्यात धमकी नव्हती. पुरे, एवढंच होतं; तुम्ही जिंकलात, आता खाली बसा. खाली बसायला खुर्ची होती, कागदावर नाव होतं, आणि आभारही मानून झाले होते.

ती उभीच राहिली. दोन्ही हात तिनं खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“अंदाज नाही,” ती म्हणाली. “उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी याच खोलीत ही स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवून दाखवली. याच पडद्यावर. आठही प्रोसेसपुढे एकच आकडा आला, तीन. आठच्या आठही वेळा तीन. किती स्थिर, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत होते. मला त्याच क्षणी कळलं, सीडची ओळ राहिली आहे. कुठे राहिली, तेही कळलं. दोनशे बाराव्या ओळीखाली.”

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला अजून वेळ होता.

“तेव्हापासून या स्क्रिप्टचा एकही आकडा खरा धरता येणार नाही. मंगळवारचाही नाही. गाड्या पाठवा.” तिनं श्वास घेतला. “वरच्या आळीत माझी बहीण आहे, म्हणून नाही सांगत. तिला मी सकाळीच निघ म्हटलं होतं. ती निघाली नाही.”

“तुम्हाला तीन-चार महिन्यांपासून माहीत होतं?” अधिकारीबाईंनी विचारलं. “मग बोलला का नाहीत?”

“मूळ स्क्रिप्ट माझी होती,” ती म्हणाली. “सहा वर्षं खपून लिहिलेली. त्या दिवशी पडद्यावर सगळ्यांची नावं होती, माझं नव्हतं. चुकू दे, म्हटलं मी मनात. आणि वही मिटली.”